चार इंचांचा पाऊस

२ जून २०२४ रोजी बंगळुरू शहरात एका दिवसात १११.१ मिलिमीटर पाऊस पडला आणि जूनमधला १३३ वर्षांचा विक्रम मोडला. जुना आकडा १६ जून १८९१चा, १०१.६ मिलिमीटर. हा आकडा निरखून पाहा: बरोबर चार इंच! तेव्हा पाऊस इंचांत मोजत. ती नोंद कुणी केली नसती, तर २०२४चा पाऊस नुसता ‘फार मोठा’ ठरला असता.

हवामान विभागात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. साठलेलं पाणी मोजायचं, लिहायचं. रोज तीच वेळ, तीच पद्धत. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी.

२०२४मध्येच २८ एप्रिलला बंगळुरूत पारा ३८.५ अंशांवर गेला होता. हाच हवामानबदल का? घाई नको. मे १९३१मध्ये, शहर आजच्यासारखं काँक्रीटचं नसतानाही, इथे ३८.९ अंश नोंदले गेले आहेत. एखादा तापलेला दिवस काही सिद्ध करत नाही. दशकांची सरासरी बोलते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडण्याची शक्यता वाढते.

पण एका वेधशाळेला सगळा पाऊस दिसत नाही. एका पेठेत मुसळधार, दुसरीत रस्ता कोरडा. त्यासाठी यलहंका इथल्या राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राने कर्नाटकभर ग्रामपंचायतींपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. ते दर पंधरा मिनिटांनी आकडे पाठवतात. पूर आणि दुष्काळाच्या इशाऱ्यांना ते लगेच उपयोगी पडतात. हवामानबदल ओळखायला मात्र लांबलचक नोंदच लागते.

ती शेतापर्यंतही पोहोचते. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनवर आयुष्यभर काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसोबत पावगडा-अनंतपूर भागातल्या जिरायती भुईमुगाचा अभ्यास केला. पेरणी कधी केली तर जोखीम कमी, हा हिशेब त्यांनी जुन्या पाऊसनोंदींवरून मांडला. नव्या मापकांचे आकडे असे कामाला यायचे, तर तेही त्याच जागी, न चुकता, अनेक वर्षं चालू राहायला हवेत.