दारात उभी राहिलेली माता आणि ‘गावंढळ’ स्पॅनिश

फिलिपिन्सच्या दक्षिणेला, मिंदानाओ बेटाच्या पश्चिम शेपटावर झांबोआंगा हे बंदर आहे. इथल्या किल्ल्याची खरी गर्दी आत नसते; ती असते बाहेर, पूर्वेच्या तटाला लागून. उघड्यावर मांडलेली बाकं, पेटत्या मेणबत्त्यांच्या रांगा आणि समोर भिंतीत पिलारची माता मेरी. ही मुळात दरवाजाची जागा. 1734 साली पहाऱ्यावरच्या शिपायाला दारात एक बाई दिसली, त्याने दरडावून थांबवलं आणि ओळख पटताच गुडघे टेकले, अशी आख्यायिका. पुढे दरवाजा चिणला गेला, त्याचीच वेदी झाली. आपल्या गडांच्या दरवाजांशी बसलेल्या शेंदरी मारुतींना ही तऱ्हा ओळखीची वाटावी. 12 ऑक्टोबरला मातेची जत्रा भरते, तेव्हा शहर इथे लोटतं.

किल्ला 1635 चा, प्रवाळाच्या दगडाचा. बांधणारा मेल्चोर दे व्हेरा हा जेझुइट पाद्री. सुलू आणि मागिंदानाओच्या सुलतानांची आरमारं किनाऱ्यावर छापे घालत, माणसं धरून नेत. त्यांना आवरायला हा खटाटोप. स्पॅनिशांनी या मुसलमानांना ‘मोरो’ म्हटलं, कारण मायदेशी ज्यांच्याशी शतकानुशतकं लढले त्या मूरांचंच नाव त्यांच्या जिभेवर होतं. हेटाळणीचं ते नाव आज इथले मुसलमान अभिमानाने लावतात. 1662 मध्ये तैवानहून कोक्सिंगा या चिनी सेनानीने मनिलाला धमकावलं, तशी इथली शिबंदी तिकडे बोलावली गेली आणि किल्ला ओस पडला. 1718-19 मध्ये तो पुन्हा उभारला. मे 1899 मध्ये स्पॅनिश गेले, नोव्हेंबरात अमेरिकन उतरले. मधल्या काही महिन्यांत गावाने स्वतःचं प्रजासत्ताकही थाटून पाहिलं.

पण तटबंदीपेक्षा चिवट निघाली ती भाषा. तिचं नाव चाबाकानो. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ गावंढळ, हिणकस. किल्ल्याच्या कामावर ठिकठिकाणचे मजूर आले, मेक्सिकोमार्गे शिपाई आले. एकमेकांचं बोलणं कळेना, म्हणून स्पॅनिश शब्द घेऊन त्यांनी काम भागवलं आणि त्यातून ही बोली झाली, असं गावात सांगतात. भाषातज्ज्ञ मनिलाच्या उपसागराकडच्या जुन्या बोलींकडेही बोट दाखवतात. ते काही असो, बोली ऐकण्यासारखी आहे. ‘या आंदा यो ना प्लासा’ म्हणजे मी चौकात गेलो. शब्द स्पॅनिश, पण क्रियापदाचे सगळे प्रत्यय झडलेले. ‘या’ लावला की भूतकाळ, ‘ता’ लावला की वर्तमान, ‘आय’ लावला की भविष्य. शाळेत स्पॅनिश क्रियापदांचे तक्ते घोकलेल्या कुणालाही हेवा वाटेल.

मराठी माणसाने कान टवकारावेत ते सर्वनामांपाशी. स्पॅनिशमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. चाबाकानोने मात्र शेजारच्या बिसाया भाषांकडून दोन घेतले: ‘कामे’ म्हणजे आम्ही, तुम्हाला वगळून, ‘किता’ म्हणजे आपण, तुम्हाला धरून. हा भेद मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. आणि अशी बोली पाहायला परदेशीच जायला हवं असंही नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला 1740 मध्ये पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला, पण पायथ्याच्या गावात पोर्तुगीजमधून घडलेली ‘नोलिंग’ अजून बोलली जाते.

झांबोआंगा हे नावही स्पॅनिश नाही. साम दर्यावर्दींच्या भाषेत होडी बांधायचा खुंटा म्हणजे ‘सांबोआंग’, त्यावरून ते पडलं. ‘फुलांचं शहर’ ही व्युत्पत्ती पर्यटकांना आवडते, इतकंच. 2020 च्या जनगणनेत वस्ती पावणेदहा लाखांच्या वर भरली: चाबाकानो बोलणारे ख्रिस्ती, सुलूकडचे ताउसुग, बासिलानचे विणकर याकान, समुद्रावरचे साम-बजाऊ.

किल्ल्यापासून जवळच रिओ होन्दो आहे, पाण्यात खांब रोवून वसलेली मुसलमानांची वस्ती. नाव स्पॅनिश, अर्थ ‘खोल नदी’. सप्टेंबर 2013 मध्ये मोरो बंडखोरांचा एक गट शहरात शिरला. जवळजवळ तीन आठवडे लढाई चालली, सुमारे दहा हजार घरं जळाली, लाखावर माणसं उघड्यावर आली. रिओ होन्दोही त्यात होरपळलं. ‘आशियातलं लॅटिन शहर’ असं बिरुद मिरवताना हा भाग कुणी फारसा सांगत नाही.

2012 पासून इथल्या शाळांत पहिल्या इयत्तांना चाबाकानोतून शिकवू लागले. 2024 च्या कायद्याने मातृभाषेची ती सक्ती उठली. बाजारात मात्र मासळीचा भाव ‘उनो, दोस, त्रेस’ असाच मोजला जातो, विकणारा ताउसुग असो की याकान.