पाळणाघर, बालवाडी आणि पालकांचा रोजगार

तीन वर्षांचे मूल असलेल्या आणि दोघेही कामावर जाणाऱ्या आईवडिलांपुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात : मुलाच्या शिक्षणाची सुरुवात कोठे करावी आणि आपण घरी परतेपर्यंत त्याला कोणी सांभाळावे? आपल्या देशात या प्रश्नांची उत्तरे बहुधा दोन वेगळ्या व्यवस्था देतात. बालवाडी शिकविते, पाळणाघर सांभाळते. या विभागणीमुळेच पूर्वप्राथमिक शिक्षण अनेक कुटुंबांना न परवडणारे ठरते.

खर्चाचा खरा हिशेब

शुल्क हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग होय. समजा, शहरातील एका दुकानात काम करणाऱ्या आईचे मासिक वेतन 12,000 रुपये आहे. खाजगी बालवाडीचे शुल्क 2,000 रुपये असून वर्ग तीन तासांत सुटतो. उरलेल्या वेळेसाठी पाळणाघराला 4,000 रुपये आणि मुलाची ने-आण करणाऱ्यास 1,000 रुपये द्यावे लागतात. तिच्या हाती 5,000 रुपये उरतात. आता मुलाला विनामूल्य अंगणवाडीत घातले, तर केवळ 2,000 रुपये वाचतात. 5,000 रुपयांचा खर्च कायम राहतो. अशा वेळी नोकरी सोडण्याचा निर्णय आर्थिकदृष्ट्या अविचारी म्हणता येत नाही. तथापि, त्यामुळे कुटुंबाचे उत्पन्न घटते आणि त्या स्त्रीचा कामाचा अनुभव खंडित होतो.

हा भार समान वाटला जात नाही. 2024 च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया कुटुंबातील व्यक्तींच्या संगोपनात सहभागी होत्या व त्यासाठी दररोज सरासरी 140 मिनिटे देत होत्या. पुरुषांबाबत हे आकडे अनुक्रमे 21.4 टक्के आणि 74 मिनिटे असे होते.

शासकीय योजना

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या असून 3 ते 6 वर्षांच्या मुलांना तेथे पूरक आहाराबरोबर शालापूर्व शिक्षण विनामूल्य मिळते. परंतु बहुतेक ठिकाणी अंगणवाडी दिवसातील काही तासच चालते. पोषण हा योजनेचा मुख्य हेतू असल्याने आईच्या कामाच्या वेळा तिच्या रचनेत केंद्रस्थानी नव्हत्या.

ही उणीव भरून काढण्यासाठी 2006 मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. 2022 पासून ती मिशन शक्तीअंतर्गत ‘पालना’ या नावाने राबविली जाते. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी 17,000 अंगणवाडी-सह-पाळणाघरे उभारण्याचे उद्दिष्ट तिच्यात ठेवण्यात आले. शिक्षण आणि संगोपन एकाच छपराखाली आणणे, हे या बदलाचे महत्त्व होय. अंगणवाड्यांच्या एकूण संख्येशी तुलना करता मात्र हे उद्दिष्ट फार लहान आहे.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

कारखाने अधिनियम, 1948 नुसार तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक करण्यात आले. अशा तरतुदीत एक धोका असतो. खर्च स्त्रियांच्या संख्येशी जोडला की स्त्रियांना कामावर न घेणे मालकाला फायद्याचे वाटू लागते. प्रसूती लाभ (सुधारणा) अधिनियम, 2017 ने पन्नास किंवा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, हा निकष स्वीकारला आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही पन्नास कर्मचाऱ्यांचा निकष कायम आहे. तरीही लहान दुकाने, घरकाम आणि स्वयंरोजगार यांतील स्त्रिया या संरक्षणाबाहेरच राहतात.

राज्यघटनेच्या पातळीवरही स्थिती अपुरी आहे. 86 व्या घटनादुरुस्तीने (2002) अनुच्छेद 21-क अन्वये 6 ते 14 वयोगटास शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण अनुच्छेद 45 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ने तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाला पायाभूत टप्प्यात स्थान दिले, ही पुढची पायरी होय.

अनुभवांचा धडा

1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ हा उपक्रम सुरू केला. काम जेथे, पाळणाघर तेथे, हे त्याचे तत्त्व होते. त्यापूर्वीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले होते आणि पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी केली. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत यायचे, तर धाकट्यांची सोयही तेथेच हवी, हे त्यांनी ओळखले होते.

त्यामुळे पूर्वप्राथमिक शिक्षण परवडणारे आहे की नाही, हे ठरविताना शुल्काबरोबर तीन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते : केंद्र किती तास चालते, ते घरापासून किंवा कामापासून किती दूर आहे आणि तेथील सेविकेला पुरेसे मानधन व प्रशिक्षण मिळते काय. केवळ शुल्क माफ करून पहिल्या दोन अडचणी सुटत नाहीत. आणि तिसरीकडे दुर्लक्ष करून स्वस्त केलेली सेवा म्हणजे एका स्त्रीच्या रोजगाराचा खर्च दुसऱ्या स्त्रीच्या अल्प वेतनातून वसूल करणे होय.