पाच बेटांचा एक दिवस आणि काश्तेलाची खाडी

स्प्लिट (क्रोएशिया) : इथे येणारा मराठी पर्यटक बहुधा दोन गोष्टी मनाशी ठरवून येतो. एक दुब्रोव्हनिकचा तट आणि दुसरी स्प्लिटहून निघणारी पाच बेटांची दिवसभराची समुद्रसफर. पहिलीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. दुसरीबद्दल छायाचित्रांपलीकडे फारसे काही पोहोचत नाही, आणि अंबरनाथच्या मोरिवलीहून येणाऱ्या फोनवर प्रश्न तर तिच्याबद्दलच असतात. पैसे किती लागतात, पोहता आलेच पाहिजे का, बोट लागते का, शाकाहारी माणसाने दिवसभर खायचे काय? उत्तरे पुढे देतो. पण ही सफर डोळे उघडे ठेवून केली तर हा देशच बराचसा कळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी देशाविषयी. २०२१च्या जनगणनेत क्रोएशियाची लोकसंख्या ३९ लाखांच्या आत भरली. दहा वर्षांत ती चार लाखांनी उतरली होती. आपल्या एकट्या ठाणे जिल्ह्यात याहून कितीतरी जास्त माणसे राहतात. या एवढ्याशा देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक पर्यटक येतात आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्याकडून मिळतो. देशाची लहानमोठी बेटे आणि खडक धरले तर संख्या हजाराच्या वर जाते. माणसांची कायम वस्ती त्यातल्या जेमतेम पन्नासेक बेटांवर. २०१३ साली देश युरोपीय संघात आला, आणि १ जानेवारी २०२३ला युरो हे चलन व शेंगेन व्यवस्था दोन्ही एकाच दिवशी स्वीकारली. त्यामुळे पॅरिस-रोमसाठी काढलेला शेंगेन व्हिसा आता इथेही चालतो.

सफर सकाळी सातच्या सुमारास स्प्लिटच्या धक्क्यावरून सुटते. पाठीमागे रोमन सम्राट डायोक्लेशियनचा सतराशे वर्षांपूर्वीचा राजवाडा. त्याच्या भिंतींच्या आत आजही लोकांची घरे आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात, खाली दुकाने चालतात. बोट रबरी काठाची, दोन दणकट इंजिनांची. प्रवासी जास्तीत जास्त बारा, त्याहून एकही जास्त नाही. कुणी ओळखीचा आला, कुणी लहान मूल मांडीवर घेतो म्हणाला, तरी चालत नाही. बंदर अधिकारी कागद तपासतात आणि चालकाचा परवाना पणाला लागतो. वारा वाढला तर सफर सरळ रद्द होते. इथले लोक वाऱ्याला नावाने ओळखतात. डोंगरावरून कोसळणारा कोरडा थंड तो बुरा, दक्षिणेकडून ढग आणि लाटा घेऊन येणारा तो युगो, आणि उन्हाळ्यात दुपारी सुटणारा सुखद माएस्त्राल. युगो असेल त्या दिवशी कितीही पैसे मोजा, सफरीचा पहिला थांबा असलेल्या बिशेवो बेटावरची गुहा बंद म्हणजे बंद.

ही शिस्त पाहताना घारापुरीची आठवण होते. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. प्रवाशांची मोजदाद आणि लाइफ जॅकेट या गोष्टींची चर्चा आपल्याकडे त्यानंतर काही आठवडे झाली. इथे ती चर्चा होत नाही, कारण ती रोजच्या कामाचा भाग आहे.

दीड तास पाणी कापल्यावर बिशेवो येते. या बेटावर हिवाळ्यात मूठभर माणसे उरतात, पण जुलैत गुहेसाठी बोटींची रांग लागते. मोठी बोट आत जाऊ शकत नाही. मेझुपोरातच्या खाडीत उतरायचे, तिकीट काढायचे आणि लाकडी होडीत दाटीवाटीने बसायचे. गुहेला मुळात माणसाला आत जाता येईल असे तोंड नव्हते. आत जायचे तर पाण्याखालून बुडी मारून. १८८४ साली ऑयगेन फॉन रान्सोने नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकार-प्रवाशाच्या खटपटीने खडक सुरुंगाने फोडून दार केले गेले. ते जेमतेम दीड मीटर उंच आहे. होडी दाराशी आली की नावाडी सगळ्यांना खाली वाकायला सांगतो, स्वतः वल्हे आडवे करतो, लाट ओसरायची वाट पाहतो आणि एका झटक्यात आत घेतो. क्षणभर मिट्ट काळोख. मग खालून उजेड येतो.

वरून नव्हे, खालून. दक्षिणेच्या बाजूला पाण्याखाली एक मोठे भगदाड आहे. सकाळी अकरा-बाराच्या दरम्यान सूर्यकिरण त्यातून शिरतात, तळाच्या पांढऱ्या चुनखडीवर आपटून वर येतात आणि सगळे पाणी निळे पेटते. पाण्यात बुडालेले वल्ह्याचे पाते चांदीचे दिसते. नावाड्याने ते बाहेर काढले की पुन्हा साधे ओले लाकूड. आत पोहायला मनाई आहे आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर पडावे लागते, कारण मागची होडी दाराशी उभी असते. काहींना ते फार थोडे वाटते. मला ते योग्य वाटते. एवढ्या लहान जागेत हजारो माणसे येत असताना गुहा टिकली आहे ती या घड्याळामुळेच.

बिशेवोच्या समोर विस. एका दिवसाच्या सफरीत विसला जेमतेम तासभर मिळतो, आणि या सफरीविषयी माझी खरी तक्रार तीच आहे. या बेटाला एक दिवसही पुरेल असे नाही. १९४४ साली जर्मनांनी युगोस्लाव्हियाचा छापामार नेता मार्शल टिटो याला बोस्नियातून हुसकावले तेव्हा त्याचे मुख्यालय इथे आले. हूम डोंगरातली ती गुहा आजही दाखवतात. बेटावर ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली होती आणि जखमी झालेली अमेरिकी बॉम्बफेकी विमाने तिथे कशीबशी उतरत. जॉर्ज मॅकगव्हर्न, जे पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढले, त्यांनी वैमानिक असताना आपले विमान इथेच उतरवले होते. युद्धानंतर, क्रोएशिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाच्या लष्कराने बेटाची छावणी केली. पाणबुड्या लपवायला डोंगरात बोगदे खोदले आणि १९८९पर्यंत परदेशी माणसाला विसवर पाऊल ठेवू दिले नाही. सगळा किनारा हॉटेलांनी भरत होता त्या काळात विस मात्र तसेच राहिले. आज त्याच्या ज्या शांततेसाठी लोक पैसे मोजतात, ती लष्कराच्या कुलपाने राखली.

आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. विसवर क्रिकेट खेळतात. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश आरमाराचा कप्तान विल्यम होस्ट याचा तळ इथे होता. १३ मार्च १८११ला त्याने याच पाण्यात आपल्याहून मोठ्या फ्रेंच-व्हेनेशियन ताफ्याला हरवले. मोकळ्या वेळात त्याची माणसे इथे क्रिकेट खेळत. त्याच्या नावाने या शतकाच्या सुरुवातीला बेटावर क्लब निघाला आणि द्राक्षमळ्यांच्या मधोमध प्लिस्को पोल्ये इथे मैदान तयार झाले. जिथे फुटबॉलपलीकडे दुसरा देव नाही अशा देशात द्राक्षवेलींच्या कडेला खेळपट्टी पाहून अंबरनाथच्या माणसाला जे वाटते ते वेगळे सांगायला नको.

पण विसची खरी कहाणी रिकामे होण्याची आहे. शंभरेक वर्षांपूर्वी इथे दहा हजारांच्या आसपास माणसे होती. आज तीन-साडेतीन हजार. द्राक्षांवर कीड पडली, सार्डिन मासळी डब्यात भरण्याचे कारखाने एकेक करून बंद झाले. कोमिझा गावचे कोळी कॅलिफोर्नियात सान पेद्रोच्या बंदरात गेले आणि तिथे मासेमारीत नाव काढले. गेलेल्यांची घरे आता उन्हाळ्यापुरती भाड्याने उघडतात. त्यांच्या जागी कोण आले, तेही दिसते: उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात, हॉटेलच्या खोल्या आवरताना, स्प्लिटच्या रस्त्यावर जेवणाचे डबे पोहोचवताना नेपाळी, फिलिपिनो आणि आपली मुले. २०२१पासून परदेशी कामगारांची वार्षिक कोट्याची अट गेली आणि दार उघडले. उल्हासनगर-बदलापूरकडच्या तरुणांना कुणी एजंट 'क्रोएशियात नोकरी' म्हणून सांगत असेल, तर पगार किती यासोबत काम बारमाही की फक्त मोसमापुरते, राहण्याचे पैसे कोण देणार आणि परवाना कोणत्या मालकाच्या नावावर, हे कागदावर लिहून घ्यावे. ऑक्टोबरात हा किनारा मिटतो.

पुढचे थांबे भरभर येतात. स्तिनिवाची खाडी म्हणजे दोन उंच कड्यांमधली चार-पाच मीटरची फट आणि आत गोट्यांचा छोटा किनारा. बोटींना आत मज्जाव आहे, त्यामुळे बाहेर उडी मारून पोहत जावे लागते. पोहता येत नसेल तर बोटीतूनच बघावे, हट्ट करू नये. बुदिकोवात्सजवळच्या उथळ निळ्या पाण्यात मात्र गळ्यातला फुगा घेऊन कुणीही डुंबू शकतो. पाक्लेनी बेटांवर पाइनची सावली आणि महागडे जेवण. शाकाहारी माणसाने ब्लित्वा मागावी: पालकासारखी पालेभाजी, उकडलेला बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. स्प्लिटच्या बाजारातून तीच भाजी भरलेला सोपारनिक सकाळीच बांधून घेतला तर आणखी उत्तम. शेवटी ह्वार. तिथले सार्वजनिक नाट्यगृह १६१२चे आहे, आणि मठातल्या बेनेडिक्टिन जोगिणी घायपातीच्या पानांतून तंतू काढून लेस विणतात. घायपात आपल्या मलंगगडाच्या वाटेवर कुंपणाला असतो. त्याच्यातून इतके नाजूक काम होते हे तिथे डोळ्यांनी पाहिले.

दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते: काय पाणी आहे! दहा मीटर खालचा दगड मोजता येतो. यात निसर्गाचा वाटा मोठा आहे, तो मान्य करायला हवा. हा किनारा चुनखडीचा आहे, गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या या भागात नाहीत, भरती-ओहोटी वीतभराची. आपल्या कोकणात पावसाळ्यात नद्या डोंगर खरवडून आणतात आणि मुंबईजवळ भरती चार-पाच मीटर चढते. ते पाणी काचेसारखे होणार नाही. शिवाय काचेसारख्या पाण्यात खाद्य कमी, म्हणून मासळीही कमी. आपला गढूळ समुद्र जास्त पोसतो.

पण उरलेला वाटा माणसांचा आहे, आणि मोरिवलीच्या वाचकांसाठी हे पत्र लिहायचे कारण तेच. स्प्लिटचा विमानतळ ज्या खाडीच्या काठी आहे तिचे नाव काश्तेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे प्लास्टिकचा मोठा कारखाना निघाला. क्लोरीन बनवण्यासाठी पारा वापरायचा आणि सांडपाणी खाडीत सोडायचे, हे १९८९पर्यंत चालले. भोवतीच्या गावांचे आणि शहराचे मैलापाणीही तिथेच जाई. ऐंशीच्या दशकात खाडीचे पाणी शेवाळाने लाल होई आणि मासे मरून काठाला लागत. पाच बेटांचे निळे पाणी विकणाऱ्या शहराच्या मागच्या अंगणात ही स्थिती होती. कारखान्याचा तो विभाग बंद झाला. नंतर जागतिक बँकेचे कर्ज घेऊन सांडपाणी गोळा करण्याची, प्रक्रिया करण्याची आणि ते दूर नेण्याची व्यवस्था उभारली. तळाच्या गाळात पारा आजही सापडतो. पण आज त्या खाडीच्या काठी मुले पोहतात.

किनाऱ्याबद्दलचा कायदाही असाच लोकांनी जपला आहे. समुद्राचा काठ इथे कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. फार तर ठरावीक मुदतीसाठी वापराची परवानगी मिळते. २०२३मध्ये नवा कायदा येताना हॉटेलवाले पुळणी बळकावतील या भीतीने गावोगावचे लोक टॉवेल घेऊन किनाऱ्यावर जमले होते.

आता राहिलेली उत्तरे. सफरीचे साधारण शंभर युरोच्या पुढे, गुहेचे तिकीट वेगळे. बोट लागत असेल तर आदल्या रात्री जड जेवू नये, मागच्या बाजूला बसावे. जुलै-ऑगस्ट टाळून जून किंवा सप्टेंबर निवडावा. सवड असेल तर सफरीऐवजी सरकारी याद्रोलिनिया कंपनीची फेरी घ्यावी. सव्वादोन तासांत ती विसला पोहोचवते, खर्च अगदी थोडा, आणि तिथे एक रात्र काढावी. ते अधिक चांगले, असे माझे मत.

आणि एक विनंती. काकोळ्याच्या डोंगराकडून येणारी वालधुनी नदी मोरिवलीच्या परिसरातून १०६० साली बांधलेल्या शिवमंदिराजवळून उल्हासनगराकडे जाते.  २०१४ साली याच नदीत कुणी टँकरमधून रसायन ओतले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. काश्तेलाचा कारखानाही मोठा होता आणि तिथल्या लोकांनाही रोजगार हवाच होता. पुढच्या वेळी उमेदवार दारात मत मागायला येईल तेव्हा त्याला विचारा: वालधुनीत सोडले जाणारे पाणी कोणत्या प्रक्रिया केंद्रातून जाते, त्याची क्षमता किती आहे, आणि शेवटची तपासणी कधी झाली. उत्तर तारखेसह मागा.