कळलावीचं गुपित कुणाच्या नावावर?

पावसाळ्यात नाशिकहून पेठ, सुरगाण्याकडे गेलात, तर कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतील. ही कळलावी! नावातच सगळं आलं. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून सुईणी तिचा कंद उगाळून बाहेरून लेप लावत. पण हाच कंद पोटात गेला तर जीव घेतो. त्यात कोल्चिसिन असतं. तेच कोल्चिसिन डॉक्टर गाऊट या सांधेदुखीवर अगदी मोजून देतात.

म्हणजे सुईणीला नुसतं झाड माहीत असून भागत नव्हतं. कुठला भाग, किती, कुठे लावायचा आणि केव्हा हातही लावायचा नाही, हेही ठाऊक असावं लागे. कोकणा, महादेव कोळी, वारली पाड्यांवर असं ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडीच आलं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, ते चांगलंच आहे. पण सुनेनं विचारलं नाही, तर सासूबरोबर ते सगळं जाणार.

लिहून ठेवलेलं नसलं की काय होतं? जखमेवर हळद लावायला आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? तरीही १९९५ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआर या संस्थेनं जुने लेखी पुरावे दाखवले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. पाड्यावरच्या आजीकडे कुठला आलाय लेखी पुरावा?

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितलंय. त्यात झाडांबरोबर त्यांच्याविषयीचं ज्ञानही नोंदवायचं असतं. भगत, वैदू यांना सगळं गाव ओळखतं. पण बाळंतिणीचा काढा सांगणारी? ती कागदावर ‘एक वृद्ध महिला’ एवढीच उरायला नको. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडूनच झाडांची माहिती ऐकली, त्यातून ‘गोईण’ हे पुस्तक झालं. विचारलं की बायका भरभरून सांगतात!

मात्र नोंद करायची म्हणजे घरी प्रयोग करायचा नव्हे हं! बाई अडली, साप चावला, तर आधी १०८ ला फोन आणि थेट दवाखाना.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारी अशी एखादी आजी असेलच. तिला विचारून, तिची परवानगी घेऊन वहीत लिहा. झाडाचं नाव, वापरायचा भाग, ऋतू, पथ्य, धोका. आणि सगळ्यात वर तिचं पूर्ण नाव. मग ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आमच्या गावच्या नोंदवहीत ही आजी आहे का?