अदृश्य सोन्याची पारख

सोने पिवळे, हे आपण जन्मापासून ऐकतो. पण अतिसूक्ष्म कण होऊन पाण्यात तरंगणारे सोने माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे याने १८५७ साली लंडनमध्ये हे मांडले. हा लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीची उमेदवारी करीत, आपल्यासारखाच व्याख्याने ऐकून शिकला होता. त्या पाण्यात मीठ पडले, की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा होतो.

हे चिकटणे थांबविणारी एक सोपी रीत १९९४ साली लिव्हरपूलला ब्रुस्ट, शिफ्रिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. सोन्याचा क्षार टोल्युइनमध्ये उतरवून त्यात थायॉल हे सेंद्रिय द्रव्य घालावयाचे व क्षपण करावयाचे. थायॉलच्या टोकाचे गंधक सोन्याला घट्ट धरते. कार्बनची शेपटी बाहेर राहते. या कवचामुळे १ ते ३ नॅनोमीटरचे कण वाळवून भुकटी केली, तरी पुन्हा विरघळतात.

आता पारख. आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सांगतो. कवच किती, हे कळण्यासाठी भुकटी तोलून तापवितात. सेंद्रिय भाग उडून जातो, सोने उरते. वजनातील घट म्हणजे कवच. कणाचा आकार ठाऊक असल्याने त्यावर सरासरी किती रेणू बसले, हे गणिताने निघते.

म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्याचा हिशेब तराजू आणि भट्टीनेच लागतो. ही हत्यारे कष्टकऱ्याला परकी नाहीत; मग हे ज्ञान तरी परके का असावे?