गोग्रास घालताना गाईकडेही पाहा!

मैत्रिणींनो, पानं वाढण्याआधी गाईचा घास बाजूला काढायची आपली जुनी रीत. डोंबिवली-कल्याणसारख्या गावी तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहूनही आपण ती सोडलेली नाही. देवळाच्या वाटेवर गाय घेऊन बसलेली एखादी बाई असतेच. तिच्याकडून गवताची जुडी घ्यायची, गाईपुढे टाकायची, पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावायचा नि भाजीबाजाराकडे वळायचं. गाईला नमस्कार आपण सगळ्याच करतो. पण गाईकडे नीट पाहतो का हो? मी तरी पाहत नव्हते.

२०२२ सालची सर्वपित्री अमावास्या. २५ सप्टेंबरचा रविवार होता, म्हणून मला शाळेची घाई नव्हती. सासूबाईंनी केळीच्या पानावर खीर, वडे, भात वाढून दिला नि म्हणाल्या, "गाईला घालून ये." आमच्या आळीत गाय घेऊन येणाऱ्या मावशींकडचंच दूध आम्ही घेत असू. दोन गाई नि एक वासरू, एवढाच त्यांचा संसाराचा आधार. त्या दिवशी एवढ्या उकाड्यात गाईच्या पाठीवर गोणपाट टाकलेलं होतं. पान पुढे केलं तर गाईनं तोंड फिरवलं. मी मानेवरून हात फिरवला आणि हाताला सुपारीएवढी गाठ लागली. मग दुसरी, तिसरी. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं नि हळूच म्हणाल्या, "ताई, कोणाला बोलू नका. दुधाची घरं तुटतील."

मी कोणाला बोलले नाही. पण केलं काय? घरी येऊन साबणानं तीनतीनदा हात धुतले. तापवलेलं दूध मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवसापासून पिशवीचं दूध सुरू केलं. शेजारणीनं विचारलं तेव्हा नुसतं "बदललं दूध" एवढंच म्हटलं. आपल्या बायकांना तेवढं पुरतं! आठ दिवसांत निम्मी घरं तुटली. आणि उरलेली घरं राखायची म्हणून मावशींनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलंच नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत मी ही हकिगत सांगितली. आमच्या शास्त्राच्या बाईंचं माहेर शहापूरकडचं, घरी गुरंढोरं. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, दूध कशाला ओतलंत? आणि डॉक्टरांना कळवायचं सोडून गप्प का बसलात?" त्याच संध्याकाळी आम्ही दोघी मावशींकडे गेलो. वासरू आदल्या दिवशीच गेलं होतं.

त्यानंतर मी जे विचारून, वाचून घेतलं ते तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही म्हणाल, आमच्या दारी कुठे गाय? पण कल्याणला रेतीबंदराकडे आजही म्हशींचे तबेले आहेत. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे कितीजणींची माहेरं आहेत. आणि दूध तर सर्वांच्याच घरी येतं.

हा आजार आला कुठून?

ह्या रोगाला आपल्याकडे लम्पी म्हणतात. तो विषाणूचा रोग आहे. मेंढ्यांना नि शेळ्यांना ज्या देवी येतात, त्यांच्या विषाणूचा हा जवळचा भाऊबंद. आफ्रिकेतल्या झांबियात १९२९ साली तो पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात २०१९ साली ओडिशात दिसला, २०२० साली आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा भागात आला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रभर पसरला. त्या वर्षी राजस्थान-गुजरातेत तर गाईंचे फार हाल झाले. आपल्या सरकारनं सप्टेंबरमध्ये सारं राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून गुरांचे बाजार बंद केले, लसही फुकट टोचली. २०२३ साली रोग पुन्हा डोकावला. म्हणजे तो कायमचा गेला असं समजून चालायचं नाही.

पसरतो तो मुख्यतः डास, चावणाऱ्या माश्या नि गोचीड यांच्यामुळे. म्हणून पावसाळा नि त्यानंतरचे महिने जास्त जपायचे. म्हशींपेक्षा गाईंना त्रास अधिक, त्यातही संकरित गाई नि लहान वासरं नाजूक. एरवी शंभर आजारी जनावरांत एक ते पाच दगावतात, पण वासरांच्या बाबतीत हा हिशेब धरू नका.

ओळखायचा कसा?

अंगावर काहीही उठलं की तो लम्पी, असं मात्र नाही. थोडं लक्ष देऊन पाहिलं तर फरक कळतो.

लम्पीत आधी ताप येतो. गाय चारा सोडते, रवंथ कमी करते, डोळ्यांतून-नाकातून पाणी गळतं, दूध आटतं. खांद्यापुढच्या नि मांडीपुढच्या गाठी सुजतात. मग एकदोन दिवसांत मान, तोंड, पाय, कास अशा सगळ्या अंगावर २ ते ५ सेंटिमीटरच्या गोल, टणक, वर आलेल्या गाठी येतात. कधी पाय सुजून गाय लंगडते. पुढे गाठी फुटून जखमा होतात, त्यात माश्या बसून अळ्याही पडतात.

गजकर्णात ताप नसतो. डोळ्यांभोवती, मानेवर केस जाऊन राखेसारखे पांढुरके गोल चट्टे पडतात, त्यावर खपली धरते. हा बुरशीचा रोग, वासरांत जास्त. आणि तो माणसाला होतो बरं का! मुलं वासराच्या गळ्यात पडत असतील तर जपा.

खरजेत कातडी जाड होऊन सुरकुतते, केस झडतात. खाज इतकी की जनावर खांबाला, भिंतीला अंग घासत राहतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा हा उपद्रव.

गोचीड तर डोळ्यांना दिसतात. कानात, शेपटीखाली, कासेजवळ पाहावं. ते रक्त पितात, शिवाय तापाचा रोग आणतात. त्यात लघवी लाल होते. तसं दिसलं तर एक दिवसही थांबू नये.

पित्तानंही अंगावर गांधी उठतात, पण त्या एकाएकी येतात नि बहुधा दिवसभरात मावळतात.

आचळांवर पाणीदार फोड येऊन खपल्या धरल्या, तर ती देवीची जात असू शकते. म्हशींच्या देवी धार काढणाऱ्याच्या हातांवरही उठतात. २००९ साली कोल्हापूर-सोलापूरकडे अशी साथ आली होती. तेव्हा फोड दिसले की धार काढणाऱ्यानं हात जपावेत आणि स्वतःलाही डॉक्टरांना दाखवावं.

दुधाचं काय?

हा आपला खरा प्रश्न! लम्पी माणसाला होत नाही. गाईला हात लावून नाही, शेण-गोमूत्रानं नाही, दुधानंही नाही. आपण दूध उकळतोच, ते तसंच चालू ठेवावं. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाईला प्रतिजैविकं वगैरे औषधं चालू असली, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध कोणी वापरू नये. तो दोष रोगाचा नव्हे, दुधात उतरणाऱ्या औषधाचा. म्हणून दूधवाल्याला "तुझी गाय आजारी आहे का?" असं दरडावून विचारण्यापेक्षा "औषध चालू असेल त्या गाईचं दूध वेगळं काढा, बाकीचं मी घेईन" असं सांगावं. म्हणजे तो लपवणार नाही.

उपचार आणि निगा

विषाणूला मारणारं हुकमी औषध नाही. डॉक्टर ताप उतरवतात, जखमा चिघळू नयेत म्हणून औषधं देतात, शक्तीची इंजेक्शनं देतात. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक गाई दोनतीन आठवड्यांत सावरतात. बाकी निगा घरच्यांच्या हातात आहे.

आजारी गाय ताबडतोब वेगळी बांधावी. तिची बादली, दावं, घमेलं वेगळं. धार आधी निरोगी गाईची काढावी, आजारी गाईची शेवटी, आणि मग हात साबणानं धुवावेत. वासरू तिच्याखाली सोडू नये. त्याला वेगळं ठेवून उकळून कोमट केलेलं दूध पाजावं. हिरवा लुसलुशीत चारा, मऊ आंबोण, भरपूर पाणी द्यावं. तोंडात फोड असले की कडबा चावत नाही हो जनावराला! जखमा कडुनिंबाच्या पाल्याच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवून हळद नि खोबरेल तेल लावावं. गोठ्यात शेण-पाणी साचू देऊ नये, संध्याकाळी निंबाच्या पाल्याचा धूर करावा, जमलं तर मच्छरदाणी लावावी.

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं एक घरगुती औषधही सांगितलं आहे. विड्याची १० पानं, १० ग्रॅम मिरी, १० ग्रॅम मीठ बारीक वाटून त्यात लागेल तेवढा गूळ मिसळायचा नि थोडं थोडं चाटवायचं. पण हे डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीला. त्यांच्याऐवजी नव्हे! आणि रॉकेल, जळकं तेल, बॅटरीचं पाणी असले अघोरी उपाय तर मुळीच करू नयेत. कातडी भाजते नि जखम वाढते.

लस निरोगी जनावराला टोचायची, आजारी जनावराला नाही. त्यासाठी शेळीच्या देवीची लस वापरतात. दर जनावराला नवी सुई, आणि दरवर्षी लस. पावसाळ्याआधी टोचून घेतली तर उत्तम.

ह्यावरून एक आठवलं. १७९६ साली इंग्लंडात जेन्नर डॉक्टरांनी गाईच्या देवीपासून माणसाच्या देवीची लस शोधली. आपल्या देशात ती पहिल्यांदा टोचली गेली मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, एका तीन वर्षांच्या मुलीला. गाईच्या अंगावरच्या फोडानं आपली लेकरं वाचवली. आता गाईला लस टोचून घेण्याचा कंटाळा आपण करायचा का?

कळवायचं कोणाला?

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला, नाहीतर १९६२ ह्या फुकट क्रमांकावर. रोग कळवणं हे जनावराच्या मालकाचं कर्तव्य आहे, २००९ च्या कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. कळवलं म्हणून गाय कोणी ओढून नेत नाही. उलट २०२२ साली ह्या रोगानं जनावर दगावलं तर सरकारनं दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार नि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरवली होती. मावशींना हे कुठलं ठाऊक असायला! त्यांना एवढंच ठाऊक होतं, की गाठी दिसल्या की बायका दूध बंद करतात. आणि ते तर मी खरंच करून दाखवलं होतं.

आम्ही फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. दोन्ही गाई तपासल्या, आजारी गाईवर उपचार सुरू केले, आसपासच्या निरोगी गाईंना लस टोचली. औषधाचे दिवस संपल्यावर मी मावशींचं दूध पुन्हा लावलं आणि ह्या खेपेला शेजारणीला कारणासकट सांगितलं. हळूहळू तुटलेली घरं परत जुळली. सगळी नाही, पण बरीच.

२१ ऑक्टोबरला वसुबारस आली. आमच्या आळीतल्या बायका ताटं घेऊन मावशींच्या दारी गेल्या. गाय उभी होती. अंगावर गाठींचे वण होते, पण चारा खात होती. वसुबारस म्हणजे गाय-वासराची पूजा. मावशींनी सवयीनं दोन ठिकाणी रांगोळी काढली होती. गाईपुढे एक, नि तिच्या शेजारी रिकाम्या दाव्यापाशी एक. मी दोन्हीकडे हळदकुंकू वाहिलं. मावशी काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घास घालाल तेव्हा क्षणभर थांबा. गाय खाते आहे का? डोळे स्वच्छ आहेत का? मानेवर काही हाताला लागतं का? लागलं, तर दूध ओतू नका आणि तोंडही फिरवू नका. गाईवाल्या मावशींशी दोन शब्द बोला नि १९६२ ला फोन लावा. गाईचा घास हाही आहे.