थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कशाला?

घरात कुणाला लकवा झाला आणि दवाखान्यातून सुट्टी मिळाली, की खरे प्रश्न पुढे सुरू होतात. घास तोंडापर्यंत कसा न्यायचा, बटण कसं लावायचं, वुजू कसा करायचा? रोजची ही कामं पुन्हा शिकवणारे ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेल्या मुलांनाही जेवणं, पेन्सिल धरणं, वर्गात बसणं ते शिकवतात. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी या विषयाचं शिक्षण सुरू केलं.

"व्यायामच तर करून घेतात, त्याला कायदा कशाला?" असं आम्ही सायखेड्यात पालकांकडून ऐकतो. कारण साधं आहे. लकव्याने लुळा पडलेला हात चुकीचा ओढला तर खांद्याला इजा होते. गिळायला त्रास असलेल्या मुलाला चुकीच्या स्थितीत भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे नुकसान घरच्यांना लगेच कळत नाही. कळतं तेव्हा मुलाची शिकण्याची मोलाची वर्षं निघून गेलेली असतात.

भाजी आपण पारखून घेतो, पण थेरपी पारखणार कशी? म्हणून ती पारख आधीच व्हावी, अशी सोय कायद्याने केली आहे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी २००२ च्या कायद्याने राज्य परिषद स्थापन झाली. ठरलेली पदवी घेतलेल्यांचीच नोंद तिथे होते. गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव काढताही येतं. २०२१ मध्ये संसदेनेही अशा आरोग्य व्यवसायांसाठी देशपातळीवर कायदा केला. ही पदवी चार वर्षांहून जास्त काळाची असते. आठवड्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट तिची जागा घेऊ शकत नाही.

वैद्यकीचं ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, हे हदीसमध्येही आलं आहे. दुआ करावीच, पण इलाजही जाणकाराकडूनच व्हावा.

म्हणून फी विचारतो तसं तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय, आणि घरी आम्ही काय करायचं? क्रमांक मिळाला की परिषदेकडे खात्री करून घ्यावी. खरा थेरपिस्ट या प्रश्नांनी नाराज होत नाही. जो टाळाटाळ करतो, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नये.